तुंबा, ट्यूब आणि फुगवायची रिंग

परीक्षा संपल्या, ऊन तापू लागले आणि संत्र्याच्या बागांतील विहिरींवर पोरांचा गलका सुरू झाला की पालकांची एक ठरलेली विचारणा आमच्याकडे येते. पोराला पाण्यात उतरवायचे आहे, काय घेऊन द्यावे? या वर्षी हाच प्रश्न जरा लांबून आला. आपल्याच शाळेत शिकलेली एक मुलगी सध्या अमेरिकेत न्यू जर्सीला राहते. तिने लिहिले:

"सर, नमस्कार. आमच्या वसाहतीत पोहण्याचा तलाव आहे. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची. बाकीच्या मुलांकडे फुगवायच्या मगरी, बदके, गाद्या असे काय काय असते. मी दुकानात गेले, डॉलरचे रुपये करून पाहिले आणि तशीच परत आले. आई म्हणते, नागपूरहून घेऊन पाठवते. मागवू का? आपण तर तुंब्यावर शिकलो. तसे काही इथे मिळत असेल का?"

उत्तर लिहायला बसलो आणि ते लांबत गेले. त्यातला बराच भाग सौंसरच्या पालकांनाही उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून तो येथे सर्वांसाठी देत आहोत.

आधी तुंब्याविषयी, कारण नव्या पिढीतल्या अनेकांनी तो पाहिलेलाच नाही. दुधी भोपळा, त्यातही कडू जातीचा, वेलावरच पूर्ण जून होऊ दिला की त्याची साल लाकडासारखी टणक होते आणि आतला गर वाळून बिया खुळखुळू लागतात. असा न चिरलेला, न तडकलेला भोपळा म्हणजे तुंबा. तो दोरीच्या जाळीत बसवायचा आणि पोराच्या पाठीला, कमरेच्या जरा वर, घट्ट बांधायचा. मग काका किंवा मामा स्वतः आधी विहिरीत उतरणार, वर थरथरत उभ्या असलेल्या भाच्याला "मार उडी" म्हणणार, आणि भाचा रडत रडत का होईना उडी मारणार. ज्यांच्याकडे तुंबा नसे ते पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधत किंवा तेलाचा रिकामा डबा झाळून घेत. कोकणात हेच काम सोललेले नसलेले दोन सुके नारळ करतात.

आपल्या भाषेने हे साधन जपून ठेवले आहे. दोन गोष्टींची 'सांगड घालणे' असे आपण रोज म्हणतो. ही सांगड मूळची पाण्यातली. नदी उतरण्यासाठी भोपळे, लाकडे किंवा दोन होड्या एकमेकांना बांधून जे तराफ्यासारखे साधन करीत, ते म्हणजे सांगड. वर्गात मुलांना हे सांगितले तेव्हा एकाने विचारले, "मग सर, घातली की बुडत नाही ना?" प्रश्न अगदी योग्य होता.

एवढासा भोपळा पोराला कसा तोलतो? बादलीभर पाण्यात बूच लावलेली रिकामी बाटली दाबून पाहा. ती हाताला वर ढकलते. जेवढे पाणी तिने बाजूला सारले, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका तिचा रेटा असतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून लिटरभर हवा साधारण एक किलोला उचलते. हा आर्किमिडीजचा नियम आठवी-नववीत सगळे पाठ करतात आणि विहिरीवर विसरतात. आपले शरीर पाण्याहून थोडेसेच जड किंवा थोडेसेच हलके असते. छातीत श्वास भरला की तरंगते, सोडला की खाली जाऊ लागते. अडचण होते ती फक्त डोके पाण्याबाहेर ठेवताना, कारण पाण्याबाहेरच्या भागाला पाणी तोलत नाही. मुलाच्या डोक्याचे वजन तीन-चार किलो धरा. म्हणजे चार-पाच लिटरचा एक तुंबा पुरतो. ट्रकच्या ट्यूबमध्ये याच्या कितीतरी पट हवा असते. शिकण्यासाठी तिची गरज नसते.

जास्त हवा म्हणजे जास्त सुरक्षित, असे आपल्याला वाटते. पोहायला शिकण्याच्या दृष्टीने ते उलटे आहे. रिंगेत किंवा ट्यूबमध्ये बसलेले मूल पाण्यात उभे राहते. छाती वर, पाय खाली लोंबकळणारे. ते सायकल चालवल्यासारखे पाय मारते आणि जागच्या जागी फिरते. पोहायचे तर शरीर आडवे व्हावे लागते. तुंबा पाठीवर असल्याने शरीर आपोआप आडवे होते, हात-पाय मोकळे राहतात आणि श्वासासाठी मान उचलण्याचे काम पोराला स्वतःच करावे लागते. पहिल्या आठवड्यात मोठा तुंबा, मग लहान, मग नुसता दोर आणि काठावर काका, अशी ती चढती इयत्ता असे.

पण तुंब्याचे फार कौतुक करण्याआधी त्याची खोडही सांगितली पाहिजे. तो पाठीवर असतो. मूल दमले, घाबरले, हात-पाय थांबले तर तुंबा वर येतो आणि तोंड पाण्यात जाते. म्हणूनच काका आधी पाण्यात उतरत असे. जीव वाचवण्यासाठी बनवलेले चांगले जॅकेट पाहा. त्याचा बहुतेक फुगीर भाग छातीवर आणि मानेभोवती असतो, म्हणजे माणूस थकला तरी तोंड वरच्या बाजूला राहावे. हवा तेवढीच असली तरी ती शरीराच्या कोणत्या बाजूला बांधली यावर सारे अवलंबून आहे. पाण्यातली कोणतीही वस्तू विकत घेताना किमतीआधी ही एक गोष्ट पाहा. हवा कुठे आहे, आणि मूल निपचित झाले तर तोंड कुठे जाईल?

हे आम्हाला पुस्तकातून कळले नाही. काही उन्हाळ्यांपूर्वी आमच्यातल्याच एकाच्या वावरातील विहिरीवर पाहुण्यांची मुले आली होती. बरोबर नवी कोरी रंगीत रिंग. सात वर्षांच्या पोराच्या कमरेत ती नीट बसली, म्हणून मोठे लोक मोटरच्या खोलीपाशी चहा घेत बसले. पोराने इतरांचे पाहून हात वर करून उडी मारली. रिंग पाण्यावर राहिली आणि पोरगा तिच्यातून खाली निसटून गेला. आवाज झाला तो फक्त उडीचा. त्यानंतर काहीच नाही. वर रिंग डुलत होती, त्यामुळे काठावरच्या मुलांना वाटले की तो आत डुबकी मारून बसला आहे. शेजारच्या वावरातला सालदार पाणी प्यायला आला होता, त्याच्या लक्षात आले आणि त्याने अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेतली. पोरगा वाचला. ती रिंग पुढे कितीतरी दिवस त्या खोलीत खिळ्याला टांगलेली होती. फेकायचे कोणाला सुचले नाही आणि वापरायचा कोणाला धीर झाला नाही.

बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो हे सिनेमातले. प्रत्यक्षात तोंड पाण्याखाली-वर होत असताना श्वास घेणेच जमत नाही, मग ओरडायचे कशाने? लहान मूल मिनिटभरातच दिसेनासे होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये काढलेल्या अहवालाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांतली जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुले होती. बहुसंख्य मृत्यू आपल्यासारख्या देशांतले. तेथे पोहण्याचे तलाव थोडे, पण विहिरी, नाले, शेततळी घरापासून हाकेच्या अंतरावर असतात.

आता न्यू जर्सीकडे वळू. तिकडच्या दुकानात पाण्याची म्हणून जी वस्तू मिळते तिच्या दोन जाती आहेत आणि त्या एकाच फळीवर शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. एक खेळणी. मगर, बदक, गादी, रिंग, चेंडू, हे सारे यात आले. दुसरी जीवरक्षक साधने. त्यांच्यावर 'यू. एस. कोस्ट गार्ड अप्रूव्ह्ड' असे स्पष्ट छापलेले असते आणि ती वजनाप्रमाणे मिळतात. ३० ते ५० पौंडाच्या, म्हणजे साधारण १४ ते २३ किलोच्या मुलासाठी वेगळे, ५० ते ९० पौंडाच्या, म्हणजे २३ ते ४१ किलोच्या मुलासाठी वेगळे. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून शाळेच्या गणवेशासारखे मोठे घेऊ नये. सगळे पट्टे लावून जॅकेट दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढावे. ते हनुवटी आणि कानांवरून वर सरकले तर ते त्या मुलाचे नव्हे. मुलीला आम्ही लिहिले की पैसे खर्च करायचेच असतील तर धाकट्यासाठी या एका वस्तूवर कर, बाकी सारे स्वस्तात होईल.

स्वस्तात म्हणजे कसे, तर तिकडे वसाहतींचे उघडे तलाव साधारण मेच्या अखेरीस सुरू होतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे झाला की बंद होतात. मे-जूनमध्ये ज्या वस्तूला पूर्ण भाव, तिलाच ऑगस्टमध्ये दुकानदार कमी भावात काढून टाकतात. आपल्याकडे संक्रांत झाल्यावर पतंग मिळतात तसे. पहिला उन्हाळा उसनवारीवर काढायचा आणि पुढच्या वर्षीचे ऑगस्टमध्ये घेऊन ठेवायचे. डॉलर ट्रीसारख्या स्वस्त वस्तूंच्या दुकानांत उन्हाळ्यात फोमचा लांब दांडा मिळतो, त्याला तिकडे पूल नूडल म्हणतात. तुंब्याची जागा घेणारी वस्तू तिकडे कोणती, तर ही. त्यात फुगवायचे काही नाही, म्हणून फुटायचेही काही नाही. काखेखालून घेतला की हात-पाय मोकळे, शरीर आडवे होते. घट्ट बांधलेला नसल्यामुळे तो हातून सुटतो, तेव्हा आई-वडिलांपैकी एकाने पाण्यातच, हाताच्या अंतरावर असले पाहिजे. थोडक्यात, काका तिकडेही लागतो.

दंडावर चढवायच्या फुगवट्यांची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. त्या जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरच्या बर्नहार्ड मार्कविट्झ यांनी १९६० च्या दशकात आणल्या. त्यांची स्वतःची लहान मुलगी माशांच्या हौदात बुडता बुडता वाचली होती, त्या धास्तीतून हा शोध लागला. रिंगेपेक्षा त्या बऱ्या, कारण मूल त्यांतून खाली सहज निसटत नाही. पण त्याही शिकवण्यासाठी आहेत. एका बाजूची हवा गेली तर मूल कलते, आणि सैल असल्या तर ओल्या दंडावरून सरकतात. थोडी थोडी हवा रोज कमी करीत नेली तर तुंब्याची चढती इयत्ता येथेही साधते. तान्ह्या बाळाच्या गळ्यात अडकवायची रिंग मात्र कोणी फुकट दिली तरी घेऊ नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये तिच्याविषयी पालकांना इशारा दिला होता.

जर्मनीत मुलांना पोहण्याचा पहिला बिल्ला मिळतो तो 'झेपफर्डशेन', म्हणजे समुद्रघोडा. काठावरून उडी, २५ मीटर पोहणे आणि खांद्याएवढ्या पाण्यात तळाची वस्तू हाताने उचलून आणणे, अशी त्याची परीक्षा. म्हणजे तिसऱ्या भागासाठी खेळणे हवे ते तळाशी बुडणारे. दुकानात त्यासाठी रंगीत कड्या, काड्या मिळतात. त्यांतल्या तळाशी ताठ उभ्या राहणाऱ्या कडक काड्यांवर अमेरिकेने २००१ मध्ये बंदी घातली, कारण उडी मारणाऱ्या मुलांना त्या भोसकून जखमा झाल्या होत्या. आपण विहिरीत काय करीत होतो? कोणी आजोबा चार आणे टाकत आणि "आणेल त्याचे" म्हणत. खोल विहिरीत हा खेळ नवशिक्यांचा नव्हेच, पण उथळ तलावात स्टीलचा चमचा, रंगवलेला गोटा, चुन्याने पांढरी केलेली फरशी हे सारे चालते. रबरी तळाची वाटी उलटी ठेवली तर अधिकच मजा, कारण तिच्याखाली अडकलेली हवा बुडबुडे सोडत निघते आणि मुले तेच पुन्हा पुन्हा करून पाहतात.

तिची मुले तर आता याच कामात आहेत. फरशी पुसण्याचे स्पंज उभे कापून, मधोमध दोऱ्याने घट्ट बांधले की त्यांचे झुबकेदार चेंडू होतात. भिजवून एकमेकांवर मारायचे. पाण्याच्या फुग्यांसारखे रबराचे तुकडे मागे राहत नाहीत. बाटलीच्या बुचाला दाभणाने भोके पाडली की झारी होते. साबणाच्या डबीची होडी करून तिच्यात किती नाणी ठेवल्यावर ती बुडते हे आधी अंदाजाने लिहायचे आणि मग मोजायचे. आठवीचा धडा तिसरीच्या मुलीला असा कळतो. थर्माकोलचे मात्र काही करू नका. त्याचे दाणे सुटतात, पाण्यात पसरतात, लहान मुले ते तोंडात घालतात.

नागपूरहून पाठवावे का, या प्रश्नाला आमचे उत्तर आहे, पाठवायचे तर पाहून पाठवा. हवा काढलेली रिंग वजनाला काहीच नसते, बॅगेच्या कोपऱ्यात मावते, हे खरे. पण १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक झाले आहे. सीताबर्डीला फुटपाथवर मिळणाऱ्या ढिगातली प्रत्येक वस्तू उलटून ते चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांक शोधावा. तो क्रमांक मोबाइलवरील बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरा की खोटा ते कळते. चिन्ह नाही आणि नाकाला झोंबणारा प्लॅस्टिकचा वास आहे, अशी वस्तू दहा रुपयांनाही महाग. घरी आणल्यावर फुगवून रात्रभर ठेवावी, सकाळी मऊ पडलेली असेल तर ती पाण्यात नेऊ नये. हे चिन्ह खेळणे म्हणून योग्य एवढेच सांगते. त्याच्या भरवशावर मूल सोडता येत नाही, आणि आयएसआय पाहून निर्धास्त झालेले पालक आम्ही पाहिले आहेत.

रंगाविषयी एक. निळ्या रंगाची रिंग, निळा पोहण्याचा पोशाख तलावाच्या निळ्या फरशीवर दिसेनासा होतो, आणि आपल्या विहिरीच्या हिरव्या-काळ्या पाण्यात तर गडद काहीच दिसत नाही. भडक नारिंगी सर्वांत चांगला. संत्र्याच्या मुलखातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

राहता राहिली ट्यूब, कारण सौंसरला आजही पहिली निवड तीच. पंक्चरवाल्याकडे जुनी ट्यूब चहापाण्याच्या पैशांत मिळत असे. आता मोटारींना आणि बऱ्याच मोटारसायकलींनाही ट्यूबलेस टायर आले, त्यामुळे लहान मुलांच्या मापाच्या ट्यूबा मिळेनाशा झाल्या आणि पालक ट्रॅक्टर-ट्रकच्या आणतात. त्या आठ वर्षांच्या मुलाला फारच मोठ्या. मधले भोक एवढे असते की आमच्या त्या रिंगेतल्या पोरासारखे तो सरळ खाली जाईल. ट्यूब आणायचीच तर ती अंगात घालण्यासाठी नको. तिला पंधरा-वीस हात दोर बांधून विहिरीच्या काठावर ठेवा. कोणी अडचणीत आले तर टाकायला याहून चांगली वस्तू नाही. हवा भरायच्या धातूच्या नळीवर जुन्या कापडाची पट्टी गुंडाळून घ्या, नाही तर पोटाला ओरखडे येतात.

आणि विहीर कोणती, हेही पाहायचे असते. तलावाला उथळ बाजू असते, विहिरीला नसते. पहिल्या पावलालाच पुरुषभर पाणी. ज्या विहिरीला पायऱ्या नाहीत, नुसते दगडांचे खोबणे आहेत, तेथे नवशिक्याला नेऊ नका. मोटरची वायर पाण्यात लोंबत असेल तर उतरण्याआधी स्टार्टर नव्हे, मेन बंद करा. बरेच दिवस न वापरलेल्या, झाकलेल्या विहिरीत कोणीच उतरू नये. आत घातक वायू साचलेला असतो आणि तेथे पोहणाऱ्याचाही इलाज चालत नाही.

त्या मुलीचे परवा उत्तर आले. धाकट्यासाठी जॅकेट घेतले, दोन नूडल घेतले, मगर घेतली नाही. तिथल्या वायएमसीएमध्ये उत्पन्न पाहून शिकवणीच्या फीत सवलत मिळते असे कळले, तर दोघांची नावे घातली आहेत. मुलीला तुंब्याची गोष्ट सांगितली, तेव्हापासून ती तो पाहायचा म्हणून हटून बसली आहे. डिसेंबरात सगळे सौंसरला येणार आहेत. शाळेमागच्या कुंपणावर दुधीचा वेल चढवायचे आम्ही ठरवले आहे, आणि त्यावरचे दोन भोपळे कोणी भाजीसाठी तोडू नयेत अशी सर्वांना विनंती आहे.